तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत

दिवाळीच्या मागेपुढे पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय शाळांत पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची लगबग सुरू होते. अर्ज भरले जातात, नोंदणी शुल्क जमा होते आणि मग पालकांना निरोप येतो, मुलाला घेऊन ‘इंटरॅक्शन’ला या. बालवर्गाचे आणि प्राथमिकचे शिक्षक, मुख्याध्यापक आणि प्रवेशाचे काम पाहणारे सहकारी या सर्वांना आमचे एकच सांगणे आहे. जागा द्यायची की नाही, हे या भेटीवर ठरवू नका. मुलाला जरूर भेटा, पण जागा दिल्यानंतर भेटा.

त्या खोलीत काय घडते, ते आपण सारे जाणतो. बुटके टेबल, त्यावर लाकडी आकारांचा ट्रे, समोर अनोळखी टीचर. आईबाबा दाराजवळच्या खुर्च्यांवर, नाहीतर दाराबाहेर. टीचर हिरवा त्रिकोण उचलून इंग्रजीत रंग विचारतात. घरी आईबरोबर भाजी निवडताना ‘हे हिरवं, हे पिवळं’ असे घडाघडा सांगणारे मूल आधी त्रिकोणाकडे बघते, मग दाराकडे बघते आणि ओठ मिटून घेते. थोड्या वेळाने कागदावर शेरा पडतो, ‘प्रतिसाद कमी’. या शेऱ्यातून मुलाच्या आकलनाबद्दल काहीच कळत नाही. परकी जागा, परका चेहरा, परकी भाषा आणि आई नजरेआड, हे सारे एकदम अंगावर आल्यावर ते बावरले, एवढेच कळते. झोप नीट झालेली असती तर तेच मूल दुसऱ्या दिवशी वेगळे वागले असते. नव्या भाषेत जाऊन पडलेली मुले कित्येक आठवडे, कधी काही महिनेही बोलत नाहीत, नुसती ऐकत असतात. वर्गात आपण याला धीराने वेळ देतो. मग प्रवेशाच्या दिवशी तीच शांतता उणे गुण कशी ठरते?

अशा भेटीतून निवड होते ती घरात इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मुलांची, आधी प्लेग्रुपला जाऊन आलेल्यांची आणि मुलाखतीची तयारी करून घेतलेल्यांची. उरलेले काम अर्जातले पालकांच्या पदव्यांचे आणि हुद्द्यांचे रकाने करतात.

कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाला किंवा पालकांना चाळणी लावता येत नाही. सोडतीसारखी यादृच्छिक पद्धत सोडून अन्य मार्गाने एका मुलाला दुसऱ्याआधी पसंती देणे म्हणजेच चाळणी, अशी व्याख्या कायद्यातच आहे. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र या कायद्यातले बालक ६ ते १४ वर्षांचे आहे. नर्सरीच्या खुल्या जागांना हा कायदा लागू होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आणि सरकारने याचा विचार करावा, असेही सुचवले. आपल्याकडे बहुतेक जागा नर्सरीतच भरतात आणि तीच मुले पुढे पहिलीत जातात. म्हणजे कायद्याचे कवच जिथे भक्कम आहे, त्या पहिलीच्या दारापर्यंत निवड आटोपलेली असते. जे मूल सर्वांत लहान, त्याच्यासाठी कायदा अपुरा पडतो. तिथे आपल्या व्यवसायाची नीती पुरी पडली पाहिजे.

आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचे नाव पुढे करूनही या चाळणीचे समर्थन करता येणार नाही. आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा) प्राथमिक कार्यक्रम ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. आयबीशी जोडलेल्या शाळेला प्रवेशाचे, समावेशनाचे आणि भाषेचे धोरण लिहून ठेवावे लागते आणि मुलाच्या घरच्या भाषेचा मान राखावा लागतो. भिंतीवर हे धोरण लावायचे आणि मराठीत ‘हिरवा’ म्हणणाऱ्या मुलाला गुण द्यायचे नाहीत, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

आपली परंपराही याच बाजूची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीत येईनात म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. मूल शाळेला साजेसे आहे का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. शाळा मुलाला साजेशी कशी करायची, याचाच त्यांनी ध्यास घेतला. फी लाखांत असली म्हणून हा प्रश्न उलटा होत नाही.

जागा थोड्या आणि अर्ज फार, ही अडचण खरी आहे. तिच्यावरचा उपाय सोपा आहे. भावंड त्याच शाळेत असणे, घराचे अंतर असे निकष आधी जाहीर करा आणि उरलेल्या जागांची पालकांसमोर सोडत काढा. सगळे शुल्क, अनामत आणि परताव्याचे नियम अर्जाबरोबरच लेखी द्या. जागा मिळाली नाही, तर तसे ठरल्या तारखेला कळवा. पालकांना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवू नका.

आणि मग निवांतपणे मुलाला भेटा. आई किंवा बाबा खोलीतच असू द्या. घरची भाषा येणारी एक तरी व्यक्ती तिथे असू द्या. मूल कशाने रमते, कशाला घाबरते, शी-शूला काय म्हणते, जेवताना काय लागते, हे विचारा. ऐकण्या-बोलण्यात किंवा चालण्यात काही अडचण असेल, तर पालक ती आता मोकळेपणाने सांगतील, कारण सांगितल्याने जागा जाण्याची भीती उरलेली नसेल. तिसरी-चौथीत येणाऱ्या मुलाचे वाचन-गणित जरूर पाहा, पण प्रवेश पक्का झाल्यावर, त्याला कुठे मदत लागेल ते समजण्यासाठी. असे मिळालेले टिपण वर्गशिक्षिकेला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. चाळणीतले गुण तिला कधीच उपयोगी पडत नाहीत.

या आठवड्यात आपल्या शाळेचा प्रवेश अर्ज काढून शिक्षकसभेत ठेवा. प्रत्येक रकान्यापाशी थांबा आणि ही माहिती मुलाला शिकवण्यासाठी हवी आहे की त्याला वगळण्यासाठी, ते एकमेकांना विचारा. वगळण्यासाठी असलेला प्रत्येक रकाना याच हंगामात काढून टाका. त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.