एक गाठ गेली म्हणून तपासणी थांबवू नका

जिस्ट नावाची एक गाठ असते. ती जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत वाढते. हा कॅन्सर क्वचित होतो, म्हणून वस्तीत त्याचे नावही फारसे कुणी ऐकलेले नसते. ऑपरेशन आणि इमॅटिनिबच्या गोळ्या यांमुळे आज त्याचे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगतात. पण बरे वाटू लागले की "गेला एकदाचा कॅन्सर" म्हणून तपासण्या बंद होतात. हे धोक्याचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील ६,११२ जिस्ट रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १७ टक्के रुग्णांना वेगळ्या प्रकारचा आणखी एक कॅन्सर आढळला. काहींना जिस्टच्या आधी, काहींना नंतर. हे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त होते. वारंवार स्कॅन होतात म्हणून लपलेल्या गाठीही सापडतात, हे त्याचे एक कारण असू शकते. घाबरून जाऊ नका, बहुसंख्य रुग्णांना दुसरा कॅन्सर नव्हता. पण गाफीलही राहू नका.

नवी गाठ दिसली की ती जुन्याचीच, असे घरच्यांनी परस्पर ठरवू नये. तिचा तुकडा तपासायला हवा का, हे डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या कॅन्सरचे औषध वेगळे असते. इमॅटिनिबची गोळी मोठ्या आतड्याच्या नेहमीच्या कॅन्सरवर चालत नाही.

आणखी एक गोष्ट. पोटाच्या स्कॅनमध्ये तोंड, स्तन दिसत नाहीत आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही त्याने होत नाही. तिशीनंतर या तिन्ही तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रात करून घेता येतात. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, तोंडातला न भरणारा चट्टा, अंगावरची नवी गाठ हे अंगावर काढू नका. तंबाखू, मिश्री, गुटखा तर आजच सोडा.

रुग्णालयांकडेही आमची मागणी आहे. घरी सोडताना कोणती तपासणी कधी करायची, हे साध्या मराठीत लिहून द्या. रोजंदारी बुडवून येणाऱ्या माणसाला तोंडी सांगितलेली तारीख लक्षात राहत नाही.

आणि घरच्यांनो, ऑपरेशनचे कागद, तुकड्याचा रिपोर्ट, स्कॅन, गोळ्यांची चिठ्ठी एका फाईलमध्ये ठेवा. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती सोबत न्या आणि "आधी जिस्ट झाला होता" हे स्वतःहून सांगा.