आंधळ्याची काठी कुणाच्या मालकीची?

मंडळी, आज जरा तावातावाने लिहिणार आहे. जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे चूक दिसली की लाल शाई हातात येतेच.

आमचे धाकटे भावजी महिनाभर भाट्याला राहायला आले आहेत. वय अडुसष्ट. काचबिंदूने दृष्टी गेली. गाजेवरून भरती-ओहोटी ओळखतात. त्यांचा जुना लॅपटॉप घेऊन आम्ही पूल ओलांडून शहरात एका दुकानात गेलो. दुकानदार मला म्हणाला, "काकू, ह्यांना दिसत नाही ना? मग कॉम्प्युटर कशाला? मोबाईल आहे की!" भावजी शेजारीच उभे होते. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत, एवढे तरी त्याने ध्यानात घ्यावे की नाही?

या "कशाला"शी माझे भांडण आहे. भावजींनी उभा जन्म बँकेत हिशेब केले. त्यांना वाडीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब लिहायचा आहे. तो काय मोबाईलला तोंडी सांगायचा?

दुसरा सल्ला, "महागडे सॉफ्टवेअर चोरून घाला, सगळे तेच करतात." आयुष्यभर पैसा-पैसा जुळवलेल्या माणसाला म्हातारपणी चोरी करायला लावायची! पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या एका महाग सॉफ्टवेअरची नमुना प्रत चाळीस मिनिटे बोलते, मग मशीन पुन्हा सुरू करा. दर चाळीस मिनिटांनी काठी काढून घेतली तर माणूस चालेल कसा?

चोरीची गरजच नाही. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली विंडोजसाठी 'एनव्हीडीए' सुरू केले. ते मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे. लिनक्सवर 'ओर्का' आहे. आपल्या मुंबईचे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन. त्यांच्या पुढाकाराने 'जीएनयूखाता' हे हिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले. म्हणजे काठी वापरणाऱ्यांनीच काठी घडवली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला आणि भावजींचा लॅपटॉप विंडोज ११ ला चालत नाही. म्हणून भाच्याने पेनड्राइव्हवर 'डेबियन' दिले. ते सुरू करताना बीप वाजतो, मग 'एस' दाबून एंटर केले की बोलणे सुरू. पर्यायांचे आकडे ऐकू येतात, हवा तो आकडा टाइप करायचा. ब्रेल डिस्प्ले जोडला तर अक्षरे बोटांखालीही उमटतात. मी फक्त चहा केला. दुपारपर्यंत भावजींनी सगळे स्वतःच्या हाताने उभे केले. त्या दिवशी जेवताना दोन पोळ्या जास्त गेल्या!

सगळे गोडगोड नाही, हेही सांगते. 'ईस्पीक'चा मराठी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे. काही संकेतस्थळांवर बटणांना नावेच नाहीत. तिथे ओर्का नुसते "बटण, बटण" करते. अडले तर विचारायला जवळपास माणूस नाही.

पण मोठा अडथळा आपणच आहोत. सूचना कागदावर छापायची, त्याचा फोटो काढून पीडीएफ करायची. किंवा जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये मराठी टाइप करायचे, जे वाचकयंत्राला निव्वळ बाराखडीचा चिवडा वाटते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात मिळाली पाहिजे. कायदा लांब राहिला. आमच्याच कुळाची वंशावळ मी दोन वर्षांपूर्वी फोटो काढून सगळ्यांना पाठवली होती. भावजी तेव्हा काही बोलले नाहीत. आता ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करते आहे. लाल शाई आधी माझ्याच वहीवर.

नातेवाईकांनो, देणगीची पावती नको. युनिकोडमध्ये लिहा, फोटोखाली दोन ओळी टाका, आणि "कशाला?" विचारू नका.

असो. भावजी हा लेख ऐकत आहेत. वर्गणी दोन जणांची बाकी आहे, म्हणतात.