गोळी एक दिवसाआड नको!

डोंबिवलीच्या आमच्या एका सहकाऱ्यास दिवाळीपूर्वी रक्ताचा कर्करोग निघाला. परळच्या टाटा रुग्णालयात नाव कळले : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. घरात रडारड. वहिनी विचारतात, "भाऊ, किती दिवस उरले?"

आम्ही कारकून माणसे, डॉक्टर नव्हे. पण चौकशी केली. हा रोग सावकाश वाढतो. २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली, तेव्हापासून बहुतेक रोगी वर्षानुवर्षे कामावर जातात. मूळ कंपनीची गोळी महिना लाखाच्या घरात, देशी आठ-दहा हजारांत, असा तेव्हाचा फरक. कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, म्हणून देशी गोळी टिकली. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन त्या लढ्यात होती.

आणि आमचे दादा? मुलीच्या फीसाठी पैसे वाचवायला गोळी एक दिवसाआड घेत होते! "बरं वाटतंय की." आम्ही रागावलोच. अशाने रोग गोळीला दाद देईनासा होतो. रक्ततपासणीही दर तीन महिन्यांनी हवी. लोकलच्या अपंगांच्या डब्यात कर्करोग्यांना बसता येते, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

आता गोळीचा डबा वहिनींकडे आहे. फीचे आम्ही चौघे बघतो आहोत.