कॅमेरा घेण्यापूर्वी

गतसप्ताही आळंद तालुक्यातील खजुरीचा एक तरुण मजकडे आला. लग्नाची छायाचित्रे काढण्याचा धंदा त्यास आरंभावयाचा आहे. आईने शेळ्या विकून पैसे दिले आहेत. कॅननचा १५००डी घ्यावा की निकॉनचा वापरलेला डी३५००, हा त्याचा प्रश्न.

दोन्ही २०१८ सालचे, दोन्हींचे चित्र सुमारे दोन कोटी चाळीस लक्ष बिंदूंचे. तेथे डावे-उजवे करण्यात अर्थ नाही. परंतु एकदा भरलेल्या बॅटरीवर कॅनन सुमारे ५०० चित्रे घेतो, निकॉन १५५०. हळदीपासून वरातीपर्यंत उभे राहणाऱ्यास हा फरक लहान नव्हे. मोबाइलवर चित्र धाडण्यास मात्र कॅननचे वायफाय बरे.

मी निकॉनकडे झुकलो होतो. इतक्यात त्याने मामांनी दिलेले निकॉनचे जुने ५० मिलिमीटरचे भिंग पिशवीतून काढले. त्यावरील ‘डी’ अक्षर पाहून मी थबकलो. अशा भिंगाचा फोकस आपोआप साधावयास कॅमेऱ्यातच मोटर लागते, आणि डी३५०० मध्ये ती नाही. ‘एएफ-एस’ भिंगात ती स्वतःची असते. पण त्यास पुन्हा पैसे हवेत. अंधाऱ्या मांडवात हाताने फोकस साधणे नवशिक्याचे काम नव्हे.

शिवाय डी३५०० चे उत्पादन २०२२ साली थांबले. शटर किती वेळा उघडले, तो आकडा निकॉनच्या मूळ चित्राच्या फाइलीतच सापडतो. तो पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत, असे मी त्यास बजावले.

मामांचे भिंग विकावयास त्याचे मन होत नाही. शनिवारी ते घेऊनच तो सोलापुरास जाणार आहे.