नडगी दुखतेय, पण भरती जवळ आलीय

मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हिंगोली
यांस,

पहाटे पाचच्या सुमारास हिंगोलीबाहेर जाणाऱ्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर जरा गाडी थांबवा. अंधारात आधी पावलं ऐकू येतील, मग पोरं दिसतील. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, राज्य राखीव दलाला ५ किलोमीटर. राखीव दलाचा गट क्रमांक १२ आपल्याच गावात, त्यामुळे वर्दीचं स्वप्न इथे घरोघर. उजाडल्यावर त्यातलीच काही कडेच्या दगडावर नडगी धरून बसलेली असतात. तळ झिजलेले बूट, खाली डांबर, आणि भरतीची जाहिरात निघाली की पंधरा दिवसांत दुपटीवर नेलेलं अंतर. आधी नडगीच्या आतल्या कडेला ठसठस होते. तरीही रेटलं तर हाडाला बारीक चीर जाते, आणि ती सुरुवातीच्या एक्स-रेत बहुतेकदा दिसतही नाही.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचो, कबड्डीचे संघ घेऊन तालुक्या-तालुक्याला फिरायचो. तक्रार करण्याआधी माझीच चूक सांगतो. मुरगळलेले कितीतरी घोटे मी गरम तेलाने चोळलेत, तेही दुखापत ताजी असताना, म्हणजे नेमकं जेव्हा चोळू नये तेव्हा. एकदा कोपऱ्यात खेळणाऱ्या आमच्या मुलीचा पाय वळला. दवाखान्यात नेलं. एक्स-रे चांगला आला. गोळ्या आणि ‘तीन आठवडे विश्रांती’ एवढं लिहून मिळालं. तीन आठवडे संपले, सूज उतरली, मी तिला मैदानात उतरवलं. दुसऱ्याच सामन्यात तोच घोटा पुन्हा वळला. त्यानंतर ती खेळली नाही.

डॉक्टरांनी हाड बघितलं, मी स्पर्धेची तारीख बघितली. घोटा कुणीच बघितला नाही. मुरगळल्यावर नुसता अस्थिबंध ताणला जात नाही, पाऊल कसं पडतंय याची जाणीवही बोथट होते, आणि ती विश्रांतीने परत येत नाही, शिकवावी लागते. एका पायावर उभं राहणं, मग डोळे मिटून, मग उडी, मग पळता पळता दिशा बदलणं. हे काम खेळाच्या फिजिओथेरपिस्टचं. कॅनडात अशा कामासाठी ॲथलेटिक थेरपिस्टही असतो आणि तो मैदानाच्या कडेलाच उभा असतो. त्याच देशातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली घोट्यासाठी एक साधी कसोटी मांडली. घोट्याच्या हाडाच्या ठरावीक जागा दाबल्यावर दुखतात का, आणि जखमी माणसाला चार पावलं टाकता येतात का, यावरून एक्स-रे हवा की नको ते ठरतं. लागतात फक्त जाणती बोटं, यंत्र नाही.

जाणत्या बोटांवरून आठवलं. आमच्या तालमीतल्या वस्तादांची मी थट्टा करणार नाही. सैल झालेला खांदा हात लावताच ओळखणारे वस्ताद मी पाहिलेत. पण पहिलवान पुन्हा मातीत कधी उतरणार, हे तिथेही खांदा ठरवत नाही, जत्रेतल्या दंगलीची तारीख ठरवते.

याउलट पाहा आपल्याच मराठवाड्यातला, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला, गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेनंतर खेळाडूला साधारण नऊ महिने तरी थांबवतात. पण नुसते महिने मोजून भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरच्या उडीचं अंतर चांगल्या पायाशी ताडून पाहतात, नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं तर मैदानाचा विचार. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावलेल्या माणसाच्या मागे यासाठी माणसं उभी राहतात. आपल्या जिल्ह्यातल्या सेनगावच्या किंवा औंढ्याच्या कबड्डीपटूचं ऑपरेशन कसंबसं होतं, पुढचे नऊ महिने त्याने कुणाकडे जायचं?

आता माझी मागणी. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांबरोबर आपल्या महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याने त्यासाठी पंचवीस वर्षं वाट पाहिली. इमारती, खाटा यथावकाश होतीलच. त्याआधी एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदानावर पाठवा. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेली आपल्याच भागातली मुलं-मुली कामासाठी पुण्या-संभाजीनगरला जातात, त्यातल्या एकाला इथे थांबवता येईल. सोबत अस्थिरोग विभागाचा एखादा निवासी डॉक्टर आला तर उत्तमच, त्यालाही तपासायला भरपूर घोटे मिळतील. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी जागा द्यावी. आणि एक अधिकार त्या थेरपिस्टला लेखी द्या: त्याने ‘अजून नाही’ म्हटलं तर शाळेने, मंडळाने, वस्तादाने खेळाडू उतरवायचा नाही. हा अधिकार नसेल तर तो पट्ट्या बांधणारा माणूस होऊन बसेल, आणि पट्ट्या मीही बांधायचो.

टेबल, सतरंजी आणि बर्फाची पेटी आम्ही जुने खेळाडू आणू. वार तेवढा कळवा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, वसमत तालुका