पन्नास-पन्नासचा हट्ट सोडा

गाडीचं निम्मं वजन पुढच्या चाकांवर, निम्मं मागच्या चाकांवर, म्हणजे गाडी उत्तम, हा समज आपल्याकडे पक्का मुरला आहे. शोरूममध्ये तो ऐकायला मिळतो, परीक्षणांत छापून येतो आणि इंजिनिअरिंगची मुलंही तो जसाच्या तसा उचलतात. माझी सगळी नोकरी गाड्यांची सस्पेन्शन जुळवण्यात गेली. मिड-इंजिन गाड्यांच्या बाबतीत तरी हा समज मोडीत निघायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मिड-इंजिन म्हणजे चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या ॲक्सलच्या पुढे बसवलेलं इंजिन. १९५८ मध्ये स्टर्लिंग मॉसने अशाच छोट्या कूपरमधून अर्जेंटिनाची शर्यत जिंकली आणि तीनच वर्षांत फॉर्म्युला वनमधून पुढे इंजिन असलेल्या गाड्या जवळजवळ हद्दपार झाल्या. पण मला जास्त बोलकं वाटतं ते कॉर्व्हेटचं उदाहरण. या अमेरिकन गाडीचं इंजिन १९५३ पासून पुढेच होतं आणि सातव्या पिढीपर्यंत ५०:५० विभागणीही साधली होती. २०१९ मध्ये आठवी पिढी आली, तिच्यात इंजिन मागे गेलं आणि विभागणी सुमारे ४०:६० झाली. हातात असलेला 'आदर्श' आकडा कंपनीने जाणूनबुजून सोडला.

असं का केलं असेल, हे मला नुकतंच मुलांना समजावून सांगावं लागलं. पुण्यातल्या एका कॉलेजच्या फॉर्म्युला संघाला मी मार्गदर्शन करतो. त्यांची गाडी मिड-इंजिनच आहे, चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० च्या इंजिनाची. चार चाकांखाली चार वजनकाटे सरकवले, चालक मुलगी हेल्मेट घालून आत बसली, स्टीअरिंग सरळ केलं. एकूण २८८ किलो: पुढे १३२, मागे १५६. मुलांचे चेहरे उतरले. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर गाडीच्या नाकात १२ किलोची शिशाची पट्टी बोल्ट मारून बसवलेली! विभागणी ४८:५२ पर्यंत आली म्हणून सगळे खूश. मी पट्टी काढायला लावली.

ज्या गाडीत एकेक किलो वाचवायला मुलं रात्री जागतात, तिच्यावर १२ किलोंचं ओझं कशाला, हा झाला साधा हिशोब. खरी गोम पुढे आहे. कावड खांद्यावर घेतलेल्या माणसाला विचारा. दोन्ही घागरी सारख्या भरल्या की तोल जमतो, पण त्या काठीच्या टोकांना असतील तर वळणं जड जातं आणि वळल्यावर थांबणं त्याहून जड. घागरी खांद्याजवळ सरकवल्या की तोल तोच, पण माणूस चटकन वळतो. मिड-इंजिन गाडीची करामत ही आहे. इंजिन, गिअरबॉक्स, चालक, टाकी असे सगळे जड ऐवज दोन ॲक्सलच्या मध्ये गोळा होतात. नाकात शिसं घालून टक्केवारी सुधारते आणि वळण्याची चपळाई जाते.

शिवाय काट्यावरचा आकडा उभ्या गाडीचा असतो. समजा १,४०० किलोची गाडी आहे, दोन ॲक्सलमधलं अंतर अडीच मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला की सुमारे २८० किलो भार मागून पुढे येतो. ५०:५० च्या गाडीत मग पुढे ९८० आणि मागे जेमतेम ४२० उरतात. ४२:५८ च्या गाडीत पुढे ८६८, मागे ५३२. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे चारही चाकांनी ओझं जितकं सारखं वाटून घ्यावं तितकं बरं. वेग घेताना भार मागे जातो, आणि या गाड्यांत रेटा देणारी चाकंही बहुतेक मागचीच असतात.

१९९० च्या होंडा एनएसएक्सची विभागणी नेमकी ४२:५८ होती. पुढची चाकं १५ इंची, मागची १६ इंची आणि मागचे टायर रुंद. पेट्रोलची टाकी चालक आणि इंजिन यांच्या मध्ये, म्हणजे पेट्रोल संपत आलं तरी तोल फारसा बदलत नाही. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराची टाकी नाकात होती. ती रिकामी होत जाई तसं भरवेगात नाक हलकं पडे. इतकी देखणी गाडी दुसरी झाली नाही असं मी आजही म्हणेन, पण टाकीची जागा चुकली ती चुकलीच.

या चपळाईला दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. जी गाडी चटकन वळते ती चटकन गरकनही फिरते. १९८९ च्या टोयोटा एमआर-टूबद्दल अशा तक्रारी आल्या आणि कंपनीला सस्पेन्शन व टायर बदलावे लागले. आपण सगळे पुढची चाकं ओढणाऱ्या हॅचबॅकवर शिकलेले. घाटात वळण अंगावर आलं की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, ही आपली सवय. त्या गाडीत नाक थोडं आत येतं आणि बहुतेक वेळा निभावतं. मिड-इंजिन गाडीत तोच पाय झटक्यात उचलला की भार पुढे धावतो, मागची चाकं हलकी होतात आणि जड मागचा भाग बाहेर फेकला जातो. हे इतकं पटकन होतं की नवख्याचा हात स्टीअरिंगवर वेळेत उलटा फिरत नाही. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सावरतात, पण टायरची पकड संपल्यावर त्यांच्याही हाती काही राहत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अशी गाडी विकणाऱ्याने किल्ली देण्याआधी गिऱ्हाइकाला बंदिस्त मैदानावर, ओल्या फरशीवर, कमी वेगात ती मुद्दाम घसरवू द्यावी, शेजारी जाणता प्रशिक्षक बसवून. कोट्यवधींच्या किमतीत एका दिवसाचा हा खर्च कुठल्या कुठे मुरून जाईल. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनी विभागणीच्या आकड्याशेजारी पुढच्या-मागच्या टायरची रुंदी द्यावी, टाकी कुठे आहे ते सांगावं आणि भर वळणात पाय उचलल्यावर गाडी काय करते, हे करून पाहून लिहावं.