तिसरा पक्ष, आणि करारात नसलेला चौथा



'थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स' हा शब्द आता आपल्या पार्सल ऑफिसात आणि सॉर्टिंगच्या टेबलावरही ऐकू येऊ लागला आहे. माल विकणारा हा पहिला पक्ष, माल घेणारा दुसरा, आणि तो माल साठवून, बांधून, घरपोच करणारी कंपनी हा तिसरा पक्ष. नाव भारदस्त आहे. बंगळूर ही या धंद्याची राजधानी. येथे नोकरी करून आम्ही तो जवळून पाहतो. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्याच्या पाठीवरून हा माल जातो तो चौथा माणूस यातल्या कोणत्याच करारात नाही. धंदा स्वस्त पडतो तो यंत्रामुळे थोडा आणि या चौथ्याची जबाबदारी कोणावरच नाही यामुळे जास्त.

प्रथम काम कसे चालते ते पाहू. २००७ साली बंगळुरात फ्लिपकार्ट निघाली, तेव्हा ती पुस्तके विकत होती. २००९ पासून तिने पोचवण्यासाठी ईकार्ट हा स्वतःचा विभाग उभा केला. पुढे तो इतरांचाही माल पोचवू लागला. शॅडोफॅक्स बंगळूरची, दिल्लीव्हरी गुरुग्रामची, अशा कितीतरी कंपन्या आज याच धंद्यात आहेत. होस्कोटे, मालूर, नेलमंगला या बाजूंना जाऊन पाहा. शेतांच्या जागी पत्र्याची प्रचंड गोदामे दिसतील.

समजा, चिकपेटेतल्या एखाद्या कापडवाल्याला देशभर माल विकायचा आहे. तो आपला साठा अशा गोदामात टाकतो. तिथे माल मोजून घेतात, प्रत्येक नगाला पट्ट्यांचा शिक्का लागतो, प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. गिऱ्हाइकाने फोनवर बटण दाबले की गोदामातल्या पोराच्या हातातील स्कॅनरवर कप्प्याचा नंबर येतो. तो धावत जाऊन वस्तू काढतो, दुसरा बांधतो, तिसरा वजन करून लेबल लावतो. रात्री ट्रक, सकाळी वाटप केंद्र, आणि शेवटी मोटरसायकलवरचा मुलगा. कापडवाल्याला जागेचे भाडे वेगळे, प्रत्येक ऑर्डरमागे काढण्या-बांधण्याची मजुरी वेगळी, वाहतुकीचा दर वेगळा. खोके हलके पण आकाराने मोठे असेल तर आकारावरून धरलेल्या वजनाचे पैसे. गिऱ्हाइकाने माल परत केला तर परतीचा खर्चही बहुधा त्याच्याच माथी. म्हणजे या कारभारात छोटा व्यापारीही सुखी नाही, हे लक्षात ठेवा.

आता सांगा, यात नवे काय आहे? धावत्या गाडीत, दिव्याखाली उभे राहून गावोगावच्या कप्प्यांत टपाल लावणारे आर.एम.एस.चे सॉर्टर हेच काम करीत होते. पार्सल ऑफिसातील वजन, लेबल, वे-बिल आणि एस.एल.आर.मधील भरणा हेच काम आहे. माल हाती पडल्यावर पैसे द्यायचे, ही तर फार मोठी नवलाई म्हणून सांगतात! टपाल खात्याने व्ही.पी.ची सोय १८७७ सालीच सुरू केली. पुस्तकाच्या जाहिरातीखाली 'व्ही.पी.ने पाठवू' असे वाचून आपल्या वाडवडिलांनी पुस्तके मागवली आणि पोस्टमनने दारात पैसे मोजून घेऊन ती हाती दिली. काम जुनेच आहे. फरक एवढाच, की आपल्या माणसाचे नाव हजेरीपटावर होते, त्याला पाळी होती, रजा होती, पेन्शन होती आणि पाठीशी युनियन होती.

गोदामातल्या पोराला विचारा, तुझा मालक कोण? व्यापारी म्हणतो, मी माल कंपनीच्या ताब्यात दिला. ऑर्डर घेणारी कंपनी म्हणते, आम्ही केवळ बाजार भरवतो. लॉजिस्टिक्स कंपनी म्हणते, मुले मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, सीझन संपला, उद्यापासून येऊ नकोस. एका मजुराला चार मालक आणि जबाबदार एकही नाही!

हा खेळ आपल्याला नवा नाही. रेल्वेतही पार्सल हमाल वर्षानुवर्षे ठेकेदारांमार्फत राबवले गेले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, आणि १९९५ साली न्यायालयाने सांगितले की काम कायमचे असेल तर ठरलेल्या अटींवर या हमालांना रेल्वेने कायम सामावून घ्यावे. पण 'खाउजा'चे वारे कोर्टापर्यंतही पोचले. २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालाने, कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असे ठरले. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० मजुरांपासून लागू होत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती मर्यादा ५० वर नेली आहे. आता ठेकेदाराने ४९ माणसांची एकेक टोळी दाखवली की काम झाले. मुख्य कामात कंत्राटी मजूर नको, असे हीच संहिता एका हाताने लिहिते आणि दुसऱ्या हाताने पळवाट ठेवते: जिथे कंत्राटाचीच रीत आहे किंवा कामाचा भार अचानक वाढला आहे, तिथे चालेल. दिवाळीचा सेल दरवर्षी येतो. त्याला 'अचानक' म्हणायचे काय?

आणि कामाची पद्धत? मुकादम निदान डोळे मिटत होता. स्कॅनर मिटत नाही. किती मिनिटांत किती नग काढले, कुठे किती वेळ थांबलास, सगळे नोंदले जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात, हरियाणातील मानेसरच्या ॲमेझॉन गोदामात, ठरलेले काम होईपर्यंत लघवीला वा पाणी प्यायला जाणार नाही अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याची बातमी आली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन केंद्रीय श्रम मंत्रालयाला नोटीस काढली. कंपनीने तो एखाददुसरा प्रकार असल्याचे सांगितले. आम्ही विचारतो, अशी शपथ एकदा तरी सुचावी असा कारभार कोणता?

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला, की यातून रोजगार मिळतो. मिळतो, नाकारण्यात अर्थ नाही. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात गिग कामगारांची संख्या ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज दिला. म्हणूनच तर प्रश्न मोठा आहे. रोजगार आहे म्हणून हक्क मागू नका, हे गिरणीमालकही सांगत होते.

दुसरा आक्षेप, की रेल्वे आणि टपाल संथ आहेत, माल फुटतो, वेळेवर पोचत नाही. तक्रारीत तथ्य आहे. पण संथ कोणी ठेवले? एस.एल.आर.मधील जागा लिलावाने खासगी लीजधारकांना दिली, स्टेशनवरची माणसे कमी केली आणि मग म्हणायचे, पार्सल नीट चालत नाही. मालूर बंगळूर-जोलारपेट्टै मार्गावर आहे, नेलमंगला यशवंतपूर-हासन मार्गावर. रूळ गावातून जातात आणि माल मात्र ट्रकमध्ये चढतो! देशाच्या मालवाहतुकीतील रेल्वेचा वाटा सुमारे २७ टक्क्यांवर आल्याचे राष्ट्रीय रेल्वे योजनाच सांगते, आणि २०३० पर्यंत ४५ टक्क्यांचे स्वप्न दाखवते. २०२२ साली रेल्वे व टपाल यांची संयुक्त पार्सल सेवा सुरत-वाराणसी अशी सुरू झाली. कल्पना उत्तम आहे. पण माणसे न भरता कल्पना चालत नाही. २०२३ च्या डाकघर कायद्यात पत्रे वाहण्याचा टपाल खात्याचा जुना एकाधिकारही राहिला नाही. आणि गावोगाव पार्सल नेणारा ग्रामीण डाकसेवक अजूनही पूर्ण सरकारी नोकर नाही. चौथा माणूस सरकारच्या घरातही आहे, हे आपण विसरता कामा नये.

मग मार्ग काय? तो आपल्याच महाराष्ट्राने १९६९ साली दाखवला आहे. माथाडी कायद्याने हमालाला एका मालकाशी बांधले नाही. माल कोणाचाही असो, मालकाने मंडळात नोंदणी करायची, मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस सांभाळायचा. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही. कर्नाटकने २०२५ साली केलेला गिग कामगार कायदा याच वाटेवरचे एक पाऊल आहे: गिग कामगाराला दर व्यवहारामागे मिळणाऱ्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपनीने भरायचे. आम्ही त्याचे स्वागत करतो. पण तो मोटरसायकलवरच्या मुलापर्यंत पोचतो. ठेकेदाराच्या यादीतील गोदाम कामगार बाहेरच राहतो.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१) गोदाम कामगारांसाठी कर्नाटकातही माथाडीच्या धर्तीवर मंडळ नेमावे.

२) मजुरी, पी.एफ. आणि अपघात भरपाई यांची जबाबदारी ज्याच्या ॲपवर ऑर्डर येते त्या कंपनीवर टाकावी.

३) स्कॅनरच्या कामाचा वेग युनियनशी बोलून ठरवावा.

४) रेल्वे-टपाल संयुक्त पार्सल सेवेसाठी कायम पदे भरावीत आणि डाकसेवकांना नियमित करावे.

शेवटी एक विनंती. दारात पार्सल घेऊन येणारा पोरगा आपली नोकरी खाणारा आहे असे समजू नका. तो आपल्यापैकीच कोणाचा तरी मुलगा आहे. कायम भरती बंद झाली म्हणून तो तिथे गेला. त्याला पाणी द्या, त्याचे नाव विचारा, आणि युनियनच्या गेट मीटिंगला बोलवा. त्याला आज वाऱ्यावर सोडले तर उद्या त्याचाच दर दाखवून आपल्या पदांवर कात्री चालेल. चौथ्या माणसाचे नाव करारात लिहायला लावणे, हे आपलेच काम आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!